एका ऑर्डरच्या सहा पायऱ्या : मेसेज क्यूवर चालणाऱ्या बहुटप्पी कामांची आखणी

भिवंडीच्या गोदामातून माल पाठवणाऱ्या एखाद्या वितरक कंपनीत ग्राहकाची ऑर्डर पक्की झाली की सहा कामे ओळीने व्हावी लागतात. गोदामातला माल त्या ऑर्डरसाठी राखून ठेवायचा, बिल तयार करायचे, त्या बिलाची जीएसटीच्या इन्व्हॉइस नोंदणी पोर्टलवर नोंद करून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) मिळवायचा, ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारा सरकारी कागद) काढायचे, गोदामाला माल भरण्याचा आदेश द्यायचा आणि शेवटी माल निघाल्याचे ग्राहकाला कळवायचे. यातली काही कामे आपल्या डेटाबेसमध्ये होतात, काही सरकारी पोर्टलवर, एक गोदामाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये आणि शेवटचे एसएमएस पाठवणाऱ्या सेवेकडे. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत कधी दोन मिनिटे लागतात, तर कधी गाडी ठरेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. असे काम एका वेब विनंतीत बसत नाही, म्हणून मध्ये मेसेज क्यू, म्हणजे कामांचे निरोप ओळीने पुढे नेणारी रांग, आणावी लागते.

क्यू बसवायला एक दुपार पुरते. अडचण पुढे सुरू होते, कारण क्यू फक्त निरोप पोहोचवते. ऑर्डर कुठवर आली, कोणती पायरी झाली आणि कोणती अर्धवट राहिली, हे तिला ठाऊक नसते आणि ते तिच्याकडून अपेक्षितही नाही. मी पाहिलेल्या बहुतेक बिघडलेल्या रचनांमध्ये हीच गफलत होती. रांगेत मेसेज आहे म्हणजे काम बाकी आहे आणि मेसेज नाही म्हणजे काम झाले, असे धरून सगळा डोलारा उभा केलेला होता. कामाची स्थिती डेटाबेसमध्ये लिहिलेली असावी, रांगेने केवळ पुढचा निरोप न्यावा, आणि प्रत्येक पायरी चुकून दोनदा चालली तरी परिणाम एकदाच व्हावा, या तीन अटींवर पुढची सगळी आखणी उभी आहे.

कोड लिहिण्याआधी : प्रत्येक पायरीला चार प्रश्न

सर्वांत आधी कागद घ्यावा आणि सहाही पायऱ्या उभ्या ओळीत लिहाव्यात. प्रत्येकीसमोर चार उत्तरे लिहावीत : या पायरीने नेमके कुठे काय बदलते, ती दोनदा चालली तर काय होईल, ती कायमची फसली तर पुढे काय करायचे, आणि ती झाल्यावर उलटवायची वेळ आली तर कशी उलटवायची. हे काम फक्त प्रोग्रामरने करू नये. हिशेब विभागातला आणि गोदामातला एकेक माणूस शेजारी बसवावा, कारण तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची खरी उत्तरे त्यांच्याकडे असतात.

आयआरएनच्या पायरीचे उदाहरण घेऊ. ५ कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यावसायिक ग्राहकांच्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. आयआरएन हा ६४ अक्षरी क्रमांक विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून तयार होतो. त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा पाठवले तर नवा क्रमांक मिळत नाही, तर बिल आधीच नोंदलेले असल्याची चूक परत येते. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे अनुकूल आहे, पण एका अटीवर : आपल्या वर्करने (रांगेतला निरोप घेऊन ती पायरी पार पाडणाऱ्या प्रोग्रामने) ती चूक अपयश न मानता यश मानली पाहिजे आणि आधीचा क्रमांक मिळवून तो जपून ठेवला पाहिजे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हीच चूक ‘अयशस्वी’ म्हणून नोंदली जाते आणि ज्या बिलाला पोर्टलवर रीतसर क्रमांक मिळालेला आहे, ते आपल्या प्रणालीत दिवसभर लाल रंगात अडकून राहते.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर अधिक नाजूक आहे. आयआरएन २४ तासांच्या आतच रद्द करता येतो. त्या बिलावर चालू ई-वे बिल असेल, तर आधी ई-वे बिल रद्द करावे लागते आणि त्यालाही २४ तासांचीच मुदत आहे. रद्द झालेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. मुदत उलटून गेली की पोर्टलवर रद्द करता येत नाही, तेव्हा सहसा क्रेडिट नोट (बिलाची रक्कम वळती करणारा कागद) काढावी लागते. हे सगळे नियम आपल्या आखणीत थेट उतरवावे लागतात. ऑर्डर रद्द झाली तर उलट क्रम असा : ई-वे बिल रद्द, मग आयआरएन रद्द, मग राखलेला माल मोकळा. आणि प्रत्येक रद्द करण्यापूर्वी घड्याळ पाहून ‘रद्द करणे’ की ‘क्रेडिट नोट’ असा फाटा घ्यायचा.

या उलट कामांना हिशेबातली उलट नोंद समजावे. हिशेबनीस चुकीची नोंद खोडत नाही, ती भरून काढणारी दुसरी नोंद करतो. एका मोठ्या व्यवहाराचे छोट्या व्यवहारांत तुकडे करायचे आणि मध्येच अडले तर झालेल्या तुकड्यांच्या उलट नोंदी मागून पुढे करत जायच्या, ही कल्पना हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी १९८७ साली ‘सागा’ या नावाने मांडली. त्यांच्यापुढे एकाच डेटाबेसमधल्या लांबलचक व्यवहारांचा प्रश्न होता. आज आपण तीच रीत अनेक प्रणालींना जोडण्यासाठी वापरतो.

कागदावरचे हे काम झाले की पायऱ्यांचा क्रम पुन्हा तपासावा. जे सहज उलटवता येते ते आधी, जे उलटवता येत नाही ते शेवटी. ग्राहकाला गेलेला एसएमएस परत घेता येत नाही, म्हणून तो सर्वांत शेवटी असावा. आमच्या उदाहरणात माल गाडीत भरून फाटकाबाहेर पडला की मागे फिरण्याची वाट बंद होते, आणि त्यानंतरच्या पायऱ्या काहीही करून पूर्णच करायच्या असतात. ही सीमारेषा कागदावर जाड ओढून ठेवावी. तिच्या अलीकडे अपयश आले तर उलट नोंदी, पलीकडे आले तर पुन:पुन्हा प्रयत्न किंवा माणसाची मदत, असा सरळ नियम लावता येतो.

वेगळा ब्रोकर हवाच का?

दिवसाला काही हजार ऑर्डर आणि एकच डेटाबेस असेल, तर माझे स्पष्ट मत असे की वेगळा ब्रोकर, म्हणजे रांगा सांभाळणारे स्वतंत्र सॉफ्टवेअर, आणण्याची घाई करू नये. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून ‘स्किप लॉक्ड’ची सोय आहे. एका वर्करने धरलेल्या ओळी दुसरा वर्कर ओलांडून पुढे जातो, त्यामुळे साधा तक्ता उत्तम रांग म्हणून चालतो, आणि काम व रांग एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतील किंवा एकही होणार नाही अशा गठ्ठ्यात) राहतात हा फायदा वेगळाच.

प्रणाली अनेक असतील, भाषा वेगवेगळ्या असतील किंवा प्रमाण मोठे असेल, तेव्हा ब्रोकर घ्यावा. प्रत्येक मेसेज स्वतंत्रपणे कोणाला तरी सोपवायचा, त्याची पोच घ्यायची आणि तो काढून टाकायचा, अशा कामासाठी रॅबिटएमक्यू किंवा अ‍ॅमेझॉन एसक्यूएस बरे पडतात. काफ्का ही मुळात सरकत जाणारी नोंदवही आहे. तिच्यात वाचलेला मेसेज जात नाही, तो मुदतीपर्यंत राहतो, आणि ती मुदत मूळ सेटिंगनुसार ७ दिवस असते. एकच घटना अनेकांनी वाचायची असेल तर काफ्का फार चांगली, पण एका अडलेल्या मेसेजमुळे त्याच पार्टिशनमधले (नोंदवहीच्या त्याच भागातले) मागचे सगळे खोळंबतात, ही गोष्ट बहुटप्पी कामांत जाचक ठरते.

मेसेजमध्ये काय लिहावे

मेसेज लहान ठेवावा. पूर्ण बिल, त्यातल्या दोनशे ओळी आणि पीडीएफ रांगेत घालू नये. ऑर्डर क्रमांक आणि पायरीचे नाव द्यावे, बाकी वर्करने डेटाबेसमधून ताजे वाचावे. मेसेजसोबत पाच गोष्टी मात्र हव्यातच : मेसेजचा स्वत:चा कधीही न बदलणारा क्रमांक, संपूर्ण कामाचा एक समान क्रमांक, मेसेजच्या रचनेची आवृत्ती, तो पाठवल्याची वेळ, आणि तो कशामुळे निघाला त्या आधीच्या मेसेजचा क्रमांक. कामाचा समान क्रमांक प्रत्येक लॉगमध्ये उमटला पाहिजे. ‘त्या ऑर्डरचे काय झाले?’ असा फोन आला की एका शोधात सहाही पायऱ्यांची हकिकत समोर यावी.

नावांबाबत एक शिस्त पाळावी, जी मराठीत फार सहज जमते. आज्ञा असेल तर आज्ञार्थी नाव द्यावे, ‘आयआरएन मिळव’. घडून गेलेली गोष्ट असेल तर भूतकाळी, ‘आयआरएन मिळाला’. आज्ञेला एकच मालक असतो आणि ती नाकारली जाऊ शकते. घटना कितीही जणांनी ऐकावी, पण ती नाकारता येत नाही. ‘आयआरएन प्रक्रिया’ अशा मोघम नावाचा मेसेज दिसला की समजावे, तो पाठवणाऱ्यालाच त्याचा हेतू ठरवता आलेला नाही.

पुढची पायरी कोण ठरवणार?

इथे दोन वाटा आहेत. पहिलीत प्रत्येक वर्कर आपले काम करतो आणि घडलेली घटना जाहीर करतो. ती ऐकून पुढचा वर्कर आपणहून कामाला लागतो. दोन-तीन पायऱ्या असतील तर ही वाट सुटसुटीत आहे. पण पायऱ्या सहा झाल्या आणि त्यांत उलट नोंदी मिसळल्या, की संपूर्ण क्रम कोणत्याही एका ठिकाणी लिहिलेला उरत नाही. नवीन माणसाला तो सहा कोडसाठे वाचून जुळवावा लागतो.

दुसऱ्या वाटेत एक मुकादम असतो, ज्याला तांत्रिक बोलीत ऑर्केस्ट्रेटर म्हणतात. तो स्वत: वजन उचलत नाही. कोणाला काय सांगायचे आणि उत्तर आल्यावर पुढे काय, एवढेच तो पाहतो. ज्या कामात पैसा, माल किंवा सरकारी कागद आहे, तिथे मी दुसरीच वाट घेतो.

मुकादमाचे डोके म्हणजे डेटाबेसमधला एक तक्ता. त्यात प्रत्येक ऑर्डरची एक ओळ असते : कामाचा क्रमांक, चालू पायरी, स्थिती, झालेले प्रयत्न, शेवटची चूक, पुढच्या उत्तरासाठीची मुदत, प्रवाहाची आवृत्ती, आणि दर बदलाला एकने वाढणारा अनुक्रमांक. शेजारी दुसरा तक्ता ठेवावा, ज्यात प्रत्येक बदलाची ओळ फक्त भर घालत जाते आणि कधी बदलत नाही. पहिला तक्ता ‘आत्ता कुठे आहे’ ते सांगतो, दुसरा ‘इथवर कसे आले’ ते. वर्षअखेरीला लेखापरीक्षक विचारतात तेव्हा दुसऱ्याचेच मोल कळते.

स्थिती बदलताना अनुक्रमांकाची अट घालावी : ‘अनुक्रमांक ७ असेल तरच पायरी बदल आणि ८ कर.’ दोन उत्तरे एकाच क्षणी आली, तर एकच बदल यशस्वी होतो. दुसऱ्याने ओळ पुन्हा वाचून ठरवायचे. ‘ऑर्डर रद्द कर’ हा निरोप नेमका ई-वे बिल निघत असताना येतो, तेव्हा या एका अटीमुळे घोळ टळतो. अशा वेळी चालू पायरी मध्येच तोडू नये. ‘रद्द मागितले’ अशी खूण करावी, पायरीचे उत्तर येऊ द्यावे आणि मग उलट क्रम सुरू करावा.

जावक नोंदवही

आता ज्या जागी सर्वाधिक प्रणाली गळतात ती जागा. मुकादम डेटाबेसमध्ये ‘बिल झाले’ असे लिहितो आणि मग ब्रोकरला ‘आयआरएन मिळव’ असा मेसेज देतो. या दोन कृतींच्या मधल्या क्षणी सर्व्हर बंद पडला, तर डेटाबेस म्हणतो बिल झाले आणि पुढचा निरोप कधीच निघत नाही. क्रम उलटा केला, तर मेसेज जातो पण डेटाबेसमधला बदल मागे फिरतो, आणि नसलेल्या बिलासाठी आयआरएन मागितला जातो. कोणताही क्रम घेतला तरी फट राहतेच.

आपल्या कोणत्याही सरकारी कार्यालयात यावरचा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पत्र टपालात पडण्याआधी जावक नोंदवहीत चढते. आपणही तेच करावे. ‘बिल झाले’ हा बदल आणि पाठवायच्या मेसेजची ओळ, दोन्ही एकाच डेटाबेस ट्रॅन्झॅक्शनमध्ये लिहावीत. म्हणजे दोन्ही होतात किंवा दोन्ही होत नाहीत. मग एक वेगळा छोटा प्रोग्राम जावक तक्त्यातल्या न गेलेल्या ओळी वाचतो, ब्रोकरला देतो, ब्रोकरने मेसेज स्वीकारल्याची खातरी मिळाली की त्या ओळीवर ‘गेले’ अशी खूण करतो. रॅबिटएमक्यूमध्ये ही खातरी मागून घ्यावी लागते. पब्लिशर कन्फर्म चालू केले नसेल, तर पाठवणाऱ्याला मेसेज पोहोचल्याचा निव्वळ भास होतो.

खूण करण्याआधीच हा छोटा प्रोग्राम बंद पडला, तर तोच मेसेज पुन्हा जाईल. ही त्रुटी नाही, हा जाणूनबुजून केलेला सौदा आहे : मेसेज हरवण्यापेक्षा दोनदा गेलेला परवडतो. फक्त घेणाऱ्याच्या बाजूला तयारी हवी.

आवक नोंदवही आणि पोच

वर्करने मेसेज हाती घेतला की ब्रोकर पोच येण्याची वाट पाहतो. पोच काम पूर्ण झाल्यावरच द्यावी, हाती घेताक्षणी देऊ नये, कारण त्यानंतर वर्कर पडला तर मेसेज कायमचा गेला. पण काम झाल्यावर आणि पोच देण्याआधी वर्कर पडू शकतो, आणि तेव्हा मेसेज पुन्हा येतो.

एका प्रकल्पात मी हे फार जवळून पाहिले. माल राखणारा आमचा वर्कर साठ्यातून आकडा वजा करायचा, त्याच मेसेजमध्ये गोदामासाठी पीडीएफ यादीही बनवायचा, आणि मग पोच द्यायचा. पोचेची वाट पाहण्याची रांगेची मूळची ३० सेकंदांची मुदत आम्ही बदललेली नव्हती. एरवी यादी १० सेकंदांत बनायची, त्यामुळे कित्येक महिने काही जाणवले नाही. मार्चअखेरीस मोठ्या ऑर्डर आल्या, यादीला ४० सेकंद लागू लागले, आणि तिसाव्या सेकंदाला रांगेने तोच मेसेज शेजारच्या वर्करला दिला. २४० खोक्यांच्या ऑर्डरसाठी ४८० खोकी राखली गेली. लॉगमध्ये एकही चूक नव्हती, दोन्ही वर्करांनी आपापले काम चोख केले होते. ‘संगणक माल नाही म्हणतो आणि रॅक तर भरलेला आहे,’ असा गोदामातून फोन आला तेव्हा आम्हाला कळले. ती रात्र साठा हाताने मोजण्यात गेली, आणि मोजणारी माणसे आमची नव्हती, गोदामाची होती. त्यांचे ते हेलपाटे मला अजून आठवतात.

त्यावरची दुरुस्ती दोन भागांची आहे. पहिला भाग आवक नोंदवहीचा. वर्करने काम सुरू करताना मेसेजचा क्रमांक एका तक्त्यात लिहावा, त्या रकान्यावर ‘एकमेव’ असे बंधन असावे, आणि ही नोंद व प्रत्यक्ष काम एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये असावे. दुसऱ्यांदा तोच क्रमांक आला की बंधन आडवे येते, काम होत नाही, आणि वर्कर शांतपणे पोच देऊन मोकळा होतो. ‘आधी नोंद आहे का ते बघ, नसेल तर कर’ अशी दोन टप्प्यांची तपासणी पुरत नाही, कारण दोन वर्कर एकाच क्षणी बघतात आणि दोघांनाही ती नोंद दिसत नाही. मुकादमाने एखादी पायरी नव्याने सांगितली की मेसेजचा क्रमांक बदलतो, म्हणून ऑर्डर आणि पायरी मिळूनही असेच बंधन ठेवावे. तपासणी डेटाबेसच्या बंधनावर सोपवावी, आपल्या कोडवर नको.

दुसरा भाग एका मेसेजमध्ये एकच काम ठेवण्याचा. माल राखणे आणि यादी छापणे या दोन पायऱ्या आहेत, त्यांचे मेसेजही दोन हवेत.

मुदतींचे आकडे ब्रोकरनुसार वेगळे असतात आणि ते पाठ असलेले बरे. एसक्यूएसमध्ये मेसेज दुसऱ्यांना न दिसण्याची मुदत मूळची ३० सेकंद असते आणि ती १२ तासांपर्यंत वाढवता येते. रॅबिटएमक्यू मूळ सेटिंगमध्ये पोचेसाठी ३० मिनिटे थांबतो, मग त्या वर्करचा चॅनेल (जोडणीतला उपमार्ग) बंद करून मेसेज परत रांगेत घालतो. काफ्कामध्ये पुढची मागणी ५ मिनिटांत आली नाही, तर वर्कर गटातून वगळला जातो आणि त्याचे पार्टिशन दुसऱ्याकडे जाते. आपल्या सर्वांत संथ दिवशीच्या सर्वांत संथ मेसेजला जो वेळ लागतो, त्याच्या किमान तिप्पट मुदत ठेवावी असे मी सुचवतो. आणि जे काम तासभर चालते ते पोचेच्या मुदतीत ताणू नये. ‘सुरू केले’ अशी नोंद करून पोच द्यावी आणि पूर्ण झाल्याचा वेगळा मेसेज पाठवावा.

रॅबिटएमक्यू एका वर्करला एका वेळी किती मेसेज द्यायचे यावर मुळात बंधन घालत नाही. प्रीफेचचा आकडा दिला नाही, तर पहिला वर्कर हजारो मेसेज पोटात घेऊन बसतो आणि बाकीचे रिकामे राहतात. बाहेरच्या सेवेशी बोलणाऱ्या पायऱ्यांसाठी १ ते ५ हा आकडा पुरे.

पुन्हा प्रयत्न, आणि मेलेले मेसेज

चुकांचे तीन ढीग करावेत. पहिला तात्पुरत्या चुकांचा : जोडणी तुटली, समोरची सेवा गर्दीमुळे नकार देते. इथे पुन्हा प्रयत्न करावा. दुसरा कायमच्या चुकांचा : ग्राहकाचा जीएसटी क्रमांकच चुकीचा आहे. इथे शंभरदा प्रयत्न केला तरी उत्तर तेच येणार, म्हणून पहिल्याच नकारानंतर काम माणसाकडे जावे. तिसरा ढीग सर्वांत अवघड : विनंती गेली, पण उत्तर आलेच नाही, म्हणून झाले की नाही ते कळत नाही. इथे पुन्हा विनंती करण्याआधी चौकशी करावी. बिल क्रमांक देऊन आयआरएन निघाला आहे का ते विचारावे, आणि निघालेला असेल तर तोच घेऊन पुढे जावे.

प्रयत्नांमधले अंतर वाढते ठेवावे, उदाहरणार्थ १० सेकंद, १ मिनिट, १० मिनिटे, १ तास, आणि प्रत्येक अंतरात थोडा यादृच्छिक फरक घालावा, नाहीतर एकाच वेळी फसलेले हजार मेसेज एकाच वेळी परत धडकतात. रॅबिटएमक्यूमध्ये हे मुदतीच्या रांगांनी साधता येते, पण तिथे एक खाच आहे. प्रत्येक मेसेजवर वेगळी मुदत लावून सगळे एकाच रांगेत ठेवले, तर मुदत संपलेला मेसेजही रांगेच्या तोंडाशी आल्याशिवाय हलत नाही. पुढे १ तासाचा मेसेज बसला असेल तर मागचा १० सेकंदांचा तासभर अडकतो. म्हणून प्रत्येक अंतरासाठी वेगळी रांग करावी.

सगळे प्रयत्न संपले की मेसेज डेड लेटर रांगेत, म्हणजे पार न पडलेल्या मेसेजांच्या वेगळ्या रांगेत, जातो. ही रांग नुसती बांधून भागत नाही. कोणत्या व्यक्तीने ती किती वाजता पाहायची हे ठरलेले असावे, आणि त्या व्यक्तीला ऑर्डर क्रमांक, पायरी, शेवटची चूक आणि ‘पुन्हा पाठव’ व ‘सोडून दे’ अशी दोन बटणे असलेला पडदा मिळावा. रॅबिटएमक्यूच्या ४.० आवृत्तीपासून क्वोरम रांगेत (अनेक सर्व्हरांवर प्रती ठेवणाऱ्या रांगेत) २० वेळा परत आलेला मेसेज, डेड लेटरची सोय केलेली नसल्यास, टाकून दिला जातो. एसक्यूएसमध्ये मेसेज जास्तीत जास्त १४ दिवस राहतो, आणि साध्या रांगेत हे दिवस मेसेज मूळ रांगेत आला तेव्हापासून मोजले जातात, डेड लेटरमध्ये आला तेव्हापासून नव्हे. मूळ मुदत ४ दिवसांचीच असते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडून पाहिलेली डेड लेटर रांग रिकामी दिसली, तर निश्चिंत होण्याआधी कामाचा तक्ता तपासावा.

न आलेल्या उत्तराची दखल

आलेल्या मेसेजवर काम करणारा कोड सगळे लिहितात, न आलेल्या मेसेजवर काम करणारा फार थोडे. मुकादमाच्या तक्त्यातला मुदतीचा रकाना यासाठीच आहे. दर मिनिटाला एक प्रोग्राम मुदत उलटलेल्या ओळी शोधतो आणि त्या पायरीची चौकशी, पुन्हा आज्ञा किंवा माणसाला सूचना, यांपैकी जे ठरले असेल ते करतो. ब्रोकर पूर्ण नष्ट झाला तरी या एका तक्त्यावरून सगळी कामे पुन्हा सुरू करता आली पाहिजेत. ती तशी येतात का, हे चाचणीच्या सर्व्हरवर रांगा रिकाम्या करून वर्षातून एकदा तरी खरोखर करून पाहावे.

देखरेखीत रांगेच्या लांबीपेक्षा सर्वांत जुन्या मेसेजचे वय पाहावे. शंभर मेसेज ही चिंता आहे की नाही हे सांगता येत नाही, पण सर्वांत जुना मेसेज ४० मिनिटांचा असेल तर कोणीतरी थांबले आहे हे निश्चित. किती वर्कर लागतील याचा हिशेब साधा आहे, आणि त्यामागचा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला : येण्याचा वेग गुणिले लागणारा वेळ, म्हणजे एका वेळी हातात असलेली कामे. मिनिटाला ४० बिले आणि प्रत्येकाला ३ सेकंद, तर सरासरी २ वर्कर गुंतलेले राहतील. ५ ठेवले तर निवांत. आता ३१ मार्चच्या संध्याकाळी सात वाजता समोरची सेवा मंदावून ३० सेकंद घेऊ लागली, तर तेच ५ वर्कर मिनिटाला फक्त १० बिले उरकतात, ३० मागे पडतात, आणि तासाभरात १,८०० साचतात. सेवा पूर्ववत झाली की ५ वर्कर मिनिटाला १०० उरकतील, त्यातली ४० नवी असतील, म्हणजे तुंबलेले निपटायला आणखी अर्धा तास. हे गणित आधी मांडलेले असले, की हिशेब विभागाला ‘साडेआठपर्यंत सगळी बिले निघतील’ असे ठामपणे सांगता येते.

चाचणी आणि बदल

चाचणीच्या वातावरणात प्रत्येक मेसेज मुद्दाम दोनदा पाठवणारी सोय कायमची चालू ठेवावी. ज्या पायरीला दोनदा चालणे सोसत नाही, ती पहिल्याच दिवशी उघडी पडते. त्याशिवाय डेटाबेसमधला बदल आणि पोच यांच्या मध्ये वर्कर मारून पाहावा, प्रत्येक पायरीसाठी वेगवेगळा. उलट क्रमाचीही अशीच चाचणी घ्यावी, कारण उलट नोंदही फसू शकते, आणि ती फसली तर तिची आणखी उलट नोंद करत बसायचे नसते : तिला प्रयत्नांची मर्यादा द्यावी आणि पुढे माणसाकडे सोपवावी.

प्रवाह बदलण्याची वेळ आली, समजा बिल आणि आयआरएनच्या मध्ये कर्जमर्यादा तपासण्याची सातवी पायरी आली, तेव्हा रांगेत आणि तक्त्यात जुन्या प्रवाहातल्या शेकडो ऑर्डर चालू असतात. त्यांना मध्येच नव्या वाटेवर ढकलू नये. तक्त्यातल्या आवृत्तीच्या रकान्यानुसार जुन्या ऑर्डर जुन्याच क्रमाने पूर्ण होऊ द्याव्यात, नव्या ऑर्डरना नवी आवृत्ती द्यावी. आधी नवा मेसेज समजणारे वर्कर बसवावेत, मगच तो पाठवणारा मुकादम बदलावा, आणि जुन्या आवृत्तीची शेवटची ओळ पूर्ण झाल्याचे तक्त्यात दिसेपर्यंत जुना कोड काढू नये. ई-वे बिलाला गाडी मिळत नाही म्हणून अडलेली एखादी ऑर्डर आठवडाभरही तशीच उभी असू शकते.